मेल पोचला, बिल नाही पोचलं: स्क्रिप्टमधून अटॅचमेंट पाठवताना वारंवार होणारा घोळ

महिन्याची एक तारीख, सकाळचे साडेसात. स्क्रिप्टच्या लॉगमधली, म्हणजे कामाच्या नोंदीतली, शेवटची ओळ सांगते: ८४ मेल पाठवले, चुका शून्य. तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन. "अगं, बी विंगमधले दोघं म्हणतायत बिल उघडतच नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना नुसता मेल आलाय, आत काहीच नाही. तू तर म्हणालीस सगळं गेलं म्हणून."

आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत आणि मेंटेनन्सची बिलं मी तीन वर्षांपासून पायथनच्या एका छोट्या स्क्रिप्टमधून पाठवते. या काळात असा फोन मला सहा-सात वेळा आला. तक्रार दर वेळी साधारण तीच, कारण दर वेळी वेगळं. पगाराच्या स्लिपा, क्लासचे निकाल, दुकानाची इन्व्हॉइस, काहीही पाठवत असाल तरी हीच कारणं फिरून फिरून येतात. मी ती कशी शोधते आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहिते आहे. क्रमावर माझा भर आहे, कारण एकदा चुकीच्या टोकाला हात घातल्यामुळे आमच्याकडे एकाची थकबाकी दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडली. ते पुढे सविस्तर येईल.

कोड नंतर, आधी पोचलेला मेल बघा

तक्रार आली की आपण पहिल्यांदा स्क्रिप्ट उघडतो. तसं करू नका. ज्याला बिल उघडत नाही त्याला तो मेल जसाच्या तसा तुमच्याकडे फॉरवर्ड करायलाही सांगू नका, कारण फॉरवर्ड करताना त्यांचा मेल प्रोग्रॅम पत्राची नव्याने बांधणी करतो आणि पुरावा पुसला जातो. ज्यांना मेल जातो त्यांच्या यादीत स्वतःचे दोन पत्ते कायम ठेवा, एक जीमेलवरचा आणि एक दुसऱ्या कुठल्या तरी सेवेवरचा. तिथे आलेल्या मेलवर तीन ठिपक्यांच्या मेनूत मूळ संदेश दाखवण्याचा पर्याय असतो. तो उघडा.

स्क्रिप्टला सर्व्हरकडून २५० हे उत्तर आलं की ती "पाठवलं" असं लिहून मोकळी होते. रजिस्टर पत्राची पावती मिळावी तसं ते असतं. पाकीट घेतलं, एवढंच ती पावती सांगते. पाकिटात बिल आहे की कोरा कागद, हे खिडकीवरचा माणूस बघत नाही आणि त्याने बघूही नये.

शिवाय अटॅचमेंट म्हणजे पत्राला टाचणीने लावलेला वेगळा कागद नसतो. मेल नेणारी एसएमटीपी ही पद्धत १९८२ सालची, साध्या इंग्रजी मजकुरासाठी बेतलेली. तिच्यातून फोटो किंवा पीडीएफ थेट जाऊच शकत नाही. ती सोय माइम या मानकाने केली. नथानिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी ते लिहिलं, आणि ११ मार्च १९९२ रोजी बोरेन्स्टीन यांनी त्या पद्धतीने आपल्या गायक चौकडीचा फोटो आणि गाणं पाठवलं. युक्ती अशी: फाइलचे दर तीन बाइट घ्यायचे आणि ते चार साध्या अक्षरांत लिहायचे. याला बेस६४ म्हणतात. म्हणजे तुमचं बिल पत्राच्या मजकुरातच, ७६-७६ अक्षरांच्या ओळींत, लिहिलेलं असतं. आणि लिहिलेलं असल्यामुळे ते डोळ्यांनी वाचता येतं.

पूर्ण वाचायची गरज नाही. पहिली चार-पाच अक्षरं पुरतात.

मूळ संदेशात खाली जा, अटॅचमेंटच्या भागाची हेडर, म्हणजे त्या भागाची ओळख सांगणाऱ्या ओळी, संपतात, एक रिकामी ओळ येते आणि अक्षरांचा ठोकळा सुरू होतो. पीडीएफ धड असेल तर तो ठोकळा कॅपिटल जे, व्ही, बी, ई, आर, मग स्मॉल आय आणि शून्य असा सुरू होतो. नेहमी. कारण प्रत्येक पीडीएफ टक्क्याचं चिन्ह, पीडीएफ आणि आडवी रेघ अशी सुरू होते आणि तिचं बेस६४ रूप हेच होतं. एक्सेल किंवा वर्डची नवी फाइल आतून झिप असते, ती कॅपिटल यू, ई, स्मॉल एस, कॅपिटल डी अशी सुरू होते. जेपेग फोटो तिरपी रेघ, ९, स्मॉल जे आणि पुन्हा तिरपी रेघ असा. एवढं एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा, फार उपयोगी पडतं.

याउलट काय दिसलं तर काय समजायचं? ठोकळा कॅपिटल पी, जी, स्मॉल एच, शून्य किंवा कॅपिटल पी, सी, एफ, ई असा सुरू झाला, तर तुम्ही पीडीएफ म्हणून वेबपेज पाठवलंय. बिल जिथून डाउनलोड होतं तिथलं लॉगिन संपलेलं असतं, सर्व्हर लॉगिनचं पान देतो आणि स्क्रिप्ट ते मुकाट्याने पीडीएफ नावाने साठवते. कॅपिटल एस, स्मॉल एल, कॅपिटल झेड, सी दिसलं तर बेस६४ दोनदा झालंय. बिलिंगच्या एपीआयने (दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती देणाऱ्या सोयीने) दिलेला मजकूर आधीच बेस६४ होता, तो तुम्ही न उलगडता फाइल म्हणून जोडला आणि लायब्ररीने वरून पुन्हा एकदा गुंडाळला. ठोकळाच नसेल, हेडरनंतर सरळ मेलचे भाग वेगळे करणारी पुढची सीमारेषा असेल, तर फाइल शून्य बाइटची होती. आणि हा सगळा ठोकळा समोरच्याला मेलच्या मजकुरातच दिसत असेल, पानंच्या पानं अगम्य अक्षरं, तर हेडर आणि ठोकळा यांच्यामधली ती रिकामी ओळ राहून गेलीय. जुन्या पीएचपी स्क्रिप्टांत, जिथे हेडर हाताने जोडजोडून बनवलेले असतात, तिथे हे मी सर्वांत जास्त पाहिलंय. त्यावर उपाय म्हणजे हाताने हेडर बनवणं सोडून तयार लायब्ररी वापरायची. एक ओळ दुरुस्त कराल, दोन महिन्यांनी दुसरी तुटेल.

रिकामी किंवा अर्धी फाइल

बी विंगमधल्या त्या दोघांच्या बिलांचं निदान इथेच झालं. ठोकळ्याची सुरुवात बरोबर होती, पण तो फार लवकर संपत होता.

आमच्याकडे बिलं बनवणारं काम सहा वाजता सुरू व्हायचं आणि मेल पाठवणारं सहा वाजून पाच मिनिटांनी. पाच मिनिटं भरपूर, असं मी धरून चालले होते आणि बहुतेक महिने ते खरं ठरलं. त्या महिन्यात पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा जादा आकार लावला होता, बिल दोन पानांचं झालं, आणि शेवटची काही बिलं अजून लिहिली जात असतानाच दुसऱ्या कामाने ती उचलली. दर महिन्याला न होता अधूनमधून होणाऱ्या बिघाडामागे बहुधा अशी शर्यत असते.

वेळ वाढवून सहा वाजून वीस मिनिटं करणं हा उपाय नाही. बिल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, फाइल बंद करा, आणि मगच तिला खरं नाव द्या. एकाच डिस्कवर नाव बदलणं एका फटक्यात होतं, त्यामुळे खऱ्या नावाची फाइल दिसली म्हणजे ती पूर्ण आहे एवढी खात्री मिळते. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टेम्प फोल्डर वेगळ्या डिस्कवर असू शकतो आणि मग ते नाव बदलणं राहत नाही, कॉपी होते.

एकाच स्क्रिप्टमध्ये फाइल लिहून लगेच जोडत असाल तर लिहिणारा भाग विथ ब्लॉकमध्ये ठेवा आणि जोडणी त्या ब्लॉकच्या बाहेर करा. फाइल बंद होण्याआधी वाचली तर शेवटचा तुकडा अजून मेमरीतच असतो. वाचताना मोड आरबी (बाइट जसेच्या तसे वाचणारा) हवा, नुसता आर नाही. नुसत्या आरने पायथन पीडीएफला मजकूर समजून उलगडायला जातं आणि बहुधा युनिकोडची चूक दाखवून थांबतं. ती चूक लपवण्यासाठी एरर्स इग्नोर असं लिहिलेला कोड मी दोनदा पाहिलाय. त्यातून जाणारी फाइल कधीच उघडत नाही, कारण न समजलेले बाइट वाटेतच टाकून दिलेले असतात.

हाताने चालवलं की जातं, क्रॉनमधून जात नाही

वहिनींना आला तसा नुसता मेल येतो आणि आत काहीच नसतं, त्याचं एक कारण हे.

क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, तुमची स्क्रिप्ट तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधून चालवत नाही, तुमच्या होम फोल्डरमधून चालवतो. "बिल्स" असा फाइलींच्या जागेचा अर्धाच पत्ता लिहिला असेल तर टर्मिनलमध्ये तो सापडतो, क्रॉनमध्ये सापडत नाही. फाइल थेट उघडत असाल तर निदान चूक तरी येते. पण मी ग्लॉबने, म्हणजे नावाच्या साच्यावरून, फाइली शोधत होते. ग्लॉबला काही सापडलं नाही तर तो तक्रार करत नाही, रिकामी यादी देतो. रिकाम्या यादीवरचा लूप शून्य वेळा फिरतो. शून्य अटॅचमेंट असलेला मेल अगदी सभ्यपणे निघून जातो, आणि लॉगमध्ये चुका शून्य.

म्हणून आता माझ्या स्क्रिप्टमध्ये पत्ता स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून काढलेला आणि पूर्ण असतो, आणि प्रत्येक फ्लॅटसाठी सापडलेल्या फाइलींची संख्या मोजली जाते. एक असेल तर पुढे. शून्य किंवा दोन असतील तर तिथेच थांबायचं.

ऱ चं प्रकरण

फोल्डरचा पत्ता सुधारला, पण पुढच्या महिन्यात आणखी एका घराला बिल गेलं नाही, आणि या वेळी तो पत्ता बरोबर होता. मला हे शोधायला पूर्ण रविवार लागला, आणि मराठीत काम करणाऱ्या कुणालाही ते गाठू शकतं, म्हणून थोडं थांबून सांगते.

तेव्हा मी सभासदाच्या आडनावावरून फाइल शोधत होते. कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे अशा आडनावांतलं ते डोळ्यातल्या पापणीसारखं दिसणारं र युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतं. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, संकेतांक यू+०९३१, आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा जोडक, यू+२००डी. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ती तीन वेगळी नावं आहेत. सभासदांची यादी एकाने मोबाइलवर टाइप केलेली, बिलाच्या फाइलचं नाव दुसऱ्या सॉफ्टवेअरने दिलेलं. दोन्ही जुळले नाहीत.

पहिले दोन प्रकार नॉर्मलाइझ करून एनएफसी या ठरावीक रूपात आणले की एक होतात. पायथनमध्ये त्यासाठी युनिकोडडेटा हे मॉड्यूल आहे. तिसरा प्रकार मात्र त्यानेही एक होत नाही, त्या न दिसणाऱ्या जोडकाची अदलाबदल स्वतः करावी लागते. मी ती केली, आणि मग ती सगळी खटपट काढून टाकून फ्लॅट नंबरवरून शोधायला लागले. बी-३०२ हे एकाच प्रकारे लिहिलं जातं. माणसाचं नाव बिलावर छापा, विषयाच्या ओळीत घाला, पण फाइल शोधण्याची किल्ली म्हणून वापरू नका.

नावाचाच आणखी एक घोळ म्हणजे बिल पोचतं, पण नाव "नोनेम" किंवा "एटीटी" आणि पाच आकडे असं काहीतरी होतं, पुढचं पीडीएफ हे शेपूट गळून पडतं आणि फोनला कळत नाही की ही फाइल कशात उघडायची. मेलच्या हेडरमध्ये मूळ नियमाने फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि १९९७ च्या मानकानुसार प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहायचा. "देयक" हा एवढासा शब्द, त्यात द, मात्रा, य आणि क अशी चार चिन्हं. हेडरमध्ये तो ३६ अक्षरं होतो. "मेंटेनन्स बिल जुलै बी विंग" असं नाव ठेवलंत तर ते दोन-तीन तुकड्यांत मोडून जातं, आणि तुकडे नीट न जोडणारा मेल प्रोग्रॅम शेवटचा तुकडा गमावतो. शेपूट नेमकं शेवटीच असतं.

यावर काही जण नावं इंग्रजीच ठेवा म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्याकडचे निम्मे सभासद फोनमधल्या डाउनलोडच्या गर्दीत "देयक" हा शब्द शोधतात आणि त्यांना तो सापडला पाहिजे. नाव मराठीच ठेवा, पण छोटं ठेवा. आणि हेडरमध्ये नाव स्वतः चिकटवू नका. ईमेलमेसेज वर्गाच्या अ‍ॅड-अटॅचमेंटला फाइलनेम म्हणून सरळ मराठी नाव द्या, बाकी टक्क्याच्या चिन्हांचं काम ते करतं.

दुसऱ्याचं बिल

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते.

एका महिन्यात पहिल्या २४ सभासदांना मेल गेले आणि पंचविसाव्यापासून सगळे नाकारले गेले. सर्व्हरचं उत्तर होतं ५५२, मेलचा आकार मर्यादेपेक्षा मोठा. आमचा मेल सर्व्हर पोस्टफिक्सवर चालतो आणि त्याची न बदललेली मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते. एकेक बिल ३०० केबीचं, त्यात सोसायटीच्या लोगोचा मोठा स्कॅन. मी विचार केला, आकाराची तक्रार आहे तर आकार कमी करू. लोगो बारीक केला, बिल ८० केबीवर आलं, पुन्हा चालवलं. ८४ पैकी ८४ गेले. मी समाधानाने लॅपटॉप बंद केला.

३०० केबीचं बिल दहा एमबीच्या मर्यादेला अडेलच कसं, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. बेस६४मुळे आकार साधारण १.३७ पट होतो, म्हणजे ३०० केबीचे साधारण चारशे दहा केबी व्हावेत. दहा एमबी कुठे आणि ते कुठे. २४ ने गुणलं की मात्र बरोबर दहा एमबीच्या तोंडाशी येतं.

लूपच्या बाहेर मेलचा एकच ऑब्जेक्ट बनवलेला होता. लूपमध्ये प्रत्येक फ्लॅटसाठी त्याचा टू, म्हणजे कुणाला पाठवायचं तो पत्ता, बदलायचा, त्याला बिल जोडायचं, पाठवायचं. जोडायचं. आधीचं काढायचं नाही. दुसऱ्या सभासदाला दोन बिलं, दहाव्याला दहा. लोगो बारीक करून मी फक्त एवढंच साधलं की सगळी ८४ बिलं एका मेलमध्ये मावायला लागली आणि शेवटच्या फ्लॅटला अख्ख्या सोसायटीची बिलं मिळाली. त्या घरातल्या मुलाने दुपारी येऊन शांतपणे सांगितलं, "ताई, आम्हाला सगळ्यांची आली आहेत."

मेंटेनन्सच्या बिलावर थकबाकी असते, तिच्यावरचं व्याज असतं. सात महिने न भरलेलं बिल शेजाऱ्याने बघावं असं कुणालाच वाटत नाही, आणि ते का भरलं गेलं नाही हे त्या घराचं दुःख असतं. गेलेला मेल परत घेता येत नाही. मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना काय झालं ते लिहून माफी मागितली, मेल काढून टाकायची विनंती केली, आणि ज्यांची मोठी थकबाकी होती त्या दोन घरी सेक्रेटरी काकांबरोबर स्वतः गेले. एका घरी आजींनी पाणी दिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. ते मला अजून आठवतं.

ही चूक नवी लायब्ररी पकडू बघते, आणि आपणच तिला गप्प करतो. ईमेलमेसेजमध्ये टू दुसऱ्यांदा भरायला गेलात तर व्हॅल्यूएरर येतो: एका मेलमध्ये टू जास्तीत जास्त एकच. हा इशारा असतो की तुम्ही जुनंच पाकीट पुन्हा वापरताय. त्यावर सहज सुचणारा उपाय, जो मी केला होता, तो म्हणजे आधी टू डिलीट करायचा आणि मग नवा भरायचा. चूक जाते, पाकिटातला जुना कागद तसाच राहतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये टू डिलीट करणारी ओळ असेल तर आत्ता, हे वाचता वाचता, ती उघडून बघा. ऑब्जेक्ट बनवणारी ओळ लूपच्या आत हवी, प्रत्येक माणसासाठी नवं पाकीट.

गूगल शीटवरून अ‍ॅप्स स्क्रिप्टने बिलं पाठवणाऱ्यांकडे हेच लक्षण वेगळ्या कारणाने दिसतं. टेम्प्लेट शीटमध्ये नाव आणि रक्कम भरायची, तिची पीडीएफ काढायची, पाठवायची, पुढचं नाव भरायचं. शीटमध्ये भरलेले बदल लगेच लिहिले जातातच असं नाही, ते साठवून एकदम लिहिले जातात. त्यामुळे पीडीएफमध्ये आधीच्या माणसाचे आकडे येतात, म्हणजे अटॅचमेंट एकच, पत्ता बरोबर, आणि आतलं बिल दुसऱ्याचं. भरल्यानंतर आणि पीडीएफ काढण्याआधी स्प्रेडशीटअ‍ॅपचं फ्लश बोलवा. गूगल डॉकचं टेम्प्लेट असेल तर सेव्ह-अँड-क्लोज. हे विसरल्यावर डॉकमध्ये महिरपी कंसातलं "नाव" तसंच्या तसं छापून येतं, ते त्यातल्या त्यात बरं.

बाकीचं थोडक्यात

आकाराची मर्यादा तुमचा सर्व्हर स्वतःच सांगतो. पायथनच्या एसएमटीपीलिबचं डीबग १ केलंत की जोडणीच्या सुरुवातीच्या हॅलोच्या उत्तरात साइज आणि पुढे आकडा दिसतो. जीमेलचा आकडा ३,५८,८२,५७७ असा दिसतो, तो २५ एमबीच्या साधारण १.३७ पट आहे, म्हणजे बेस६४ची वाढ त्यात धरलेली आहे. पोस्टफिक्सचे वर सांगितलेले दहा एमबी मात्र वाढीनंतरचे आहेत, मूळ फाइल त्यात साडेसात एमबीच्या आतच हवी. आणि घेणाऱ्याची मर्यादा तुमच्यापेक्षा लहान असू शकते, तेव्हा बाउन्स होऊन आलेले मेल वाचणारा पत्ता ठेवा.

५३५ म्हणजे लॉगिन नाकारलं. खाजगी जीमेल खात्यात ३० मे २०२२ पासून स्क्रिप्टला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन पायऱ्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. पोर्ट ४६५ असेल तर पहिल्या क्षणापासून टीएलएस, म्हणजे गुप्त केलेली जोडणी, हवं, ५८७ असेल तर आधी साधं बोलून मग स्टार्टटीएलएस. अदलाबदल झाली की स्क्रिप्ट लटकून राहते किंवा व्हर्जनबद्दल भलतीच तक्रार करते.

ईएक्सई, बॅट, जेएस अशा फाइली जीमेल घेत नाही, झिपमध्ये घातल्या तरी नाही. नाव बदलून पाठवायच्या फंदात पडू नका, ड्राइव्हची लिंक द्या.

शेलमधून मेल ही कमांड वापरत असाल आणि नव्या मशीनवर गेल्यापासून अटॅचमेंट जात नसेल, तर स्मॉल ए हा पर्याय तपासा. मेल नावाच्या एकाहून जास्त कमांडी आहेत. मेलएक्सच्या एस-नेल घराण्यात स्मॉल ए म्हणजे फाइल जोडा. ग्नू मेलयुटिल्समध्ये स्मॉल ए म्हणजे हेडर वाढवा, आणि फाइल जोडायला कॅपिटल ए लागतो. कमांड तीच, अर्थ वेगळा. मट वापरलंत तर फाइलींच्या यादीनंतर आणि पत्त्याच्या आधी दोन आडव्या रेघा द्याव्या लागतात, नाहीतर तो पत्त्यालाच फाइल समजतो.

विंडोजवर पॉवरशेलमधून डॉटनेटचा अटॅचमेंट ऑब्जेक्ट वापरणाऱ्यांना पहिला मेल गेल्यावर "फाइल दुसरं कुणीतरी वापरतंय" असं दिसतं. तो दुसरा कुणीतरी म्हणजे तुमचीच स्क्रिप्ट. मेल पाठवून झाला की डिस्पोज करा, फाइल सुटते.

पाठवण्याआधी मी आता काय तपासते

मेल पूर्ण बांधून झाला की स्क्रिप्ट त्याचे बाइट काढते, आणि ते बाइट जणू कुणाकडून तरी आलेत अशा थाटात पुन्हा उलगडते. ऑब्जेक्टमध्ये काय आहे ते मी बघत नाही, तारेवरून काय जाणार आहे ते बघते. उलगडलेल्या मेलमधल्या अटॅचमेंट मोजायच्या, बरोबर एक हवी. तिच्या नावात ज्याला पाठवतोय त्याचाच फ्लॅट नंबर हवा. आतले बाइट डिस्कवरच्या फाइलशी तंतोतंत जुळायला हवेत. सुरुवात पीडीएफची हवी आणि शेवटच्या हजारभर बाइटमध्ये दोन टक्के आणि ईओएफ ही पीडीएफ संपल्याची खूण हवी. आणि पीडीएफमधला मजकूर काढून त्यात तोच फ्लॅट नंबर छापलेला आहे का, हेही. ही शेवटची तपासणी नंतर घातली, शीटवाल्या एका मैत्रिणीकडे ते आकड्यांचं झाल्यावर.

ही तपासणी ८४ च्या ८४ मेलसाठी आधी पूर्ण होते. एकही अडला तर एकही जात नाही. लॉगमध्ये "पाठवले" ऐवजी आता प्रत्येक घराची एक ओळ असते: बी-३०२, फाइल १, ८१,४६३ बाइट, नंबर जुळला. गेल्या महिन्यात सी-१०४ पाशी फाइली २ असं आलं आणि सगळं थांबलं. भाडेकरू बदलल्यामुळे एकाच फ्लॅटची दोन बिलं निघाली होती. काकांना फोन करून विचारलं, जुनं काढलं, आणि बिलं नऊ वाजता गेली.